पापणी ओढून बघणारे बाबूजी

बाबूजी नमस्कार करायच्या आधी समोरच्याची खालची पापणी ओढून बघायचे. समोरचा ओळखीचा असो की नसो, शिपाई असो की तहसीलदार. "वर पाह्य," म्हणायचे, अंगठा गालावर टेकवायचे आणि पापणी खाली. आतला रंग बघून झाला की मग, "हं, बोल आता." कोणी चिडलं तर त्यांना मनापासून नवल वाटायचं. "अरे, फुकटात तपासलं तुले, राग कायचा येऊन राहिला?"

देवरी तालुक्यातल्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात मी औषधांच्या खिडकीत बसायचो आणि बाबूजी शेजारच्या खोलीत रक्त-लघवी तपासायचे. मधे पातळ भिंत. आठ वर्षं आम्ही असे भिंतीला भिंत लावून काढली. कागदावर त्यांचं नाव वेगळं होतं, पण ते गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीचे, आणि गोंदियात अर्धं गाव हिंदी बोलतं, त्यामुळे कोणीतरी कधीतरी 'बाबूजी' म्हटलं आणि तेच राहिलं. मला त्यांचा फार राग यायचा, हे आधीच सांगून टाकतो. माझा स्वभावही काही देवमाणसाचा नाही.

त्यांना माणसांची नावं आठवत नसत, हिमोग्लोबिनचे आकडे आठवायचे. आमची झाडूवाली मावशी त्यांच्यासाठी 'साडेनऊ' होती. ती दिसली की व्हरांड्यातून हाक, "काय वं साडेनऊ, गोळ्या खाऊन राहिली का फेकून राहिली?" मी 'चौदा' होतो. आमचे डॉक्टरसाहेब 'तेरा पॉइंट दोन', आणि माझ्यापेक्षा आपला आकडा कमी आहे हे साहेबांना आवडायचं नाही, म्हणून त्यांनी दोनदा परत तपासून घेतलं. दोन्ही वेळा तेरा पॉइंट दोनच आलं. बाबूजी म्हणाले, "साहेब, खुर्चीनं नाही वाढत ते."

खोलीत मशीन होती. बटन दाबलं की आकडा कागदावर. तरी बाबूजी रक्ताची नळी खिडकीच्या उजेडात धरून आधी स्वतः अंदाज सांगायचे, मग मशीनला विचारायचे. दोघांचं जुळलं नाही तर मशीन चुकली असं धरून चालायचे. बरेचदा मशीनच चुकलेली असायची, हे मी मोठ्या नाइलाजानं सांगतो.

आमच्या कंपाउंडरच्या मुलीच्या लग्नात तर या माणसानं कहरच केला. आम्ही सगळे स्टेजवर पाकीट द्यायला चढलो. बाबूजींनी नवरीच्या डोक्यावर हात ठेवला, सगळ्यांना वाटलं आशीर्वाद देतात, आणि तोच हात खाली आणून पापणी ओढली. शेजारी सासू उभी. "अरे बाप्पा, ही तर पांढरीफटक आहे! महिनाभर गोळ्या द्या हिले, मंग पाठवा." सासरचे लोक तडकले. आजारी पोरगी गळ्यात बांधली म्हणून कुजबुज सुरू झाली. कंपाउंडर पुढचे सहा महिने बाबूजींशी बोलला नाही. पुढे त्याच सासूनं सुनेला पहिल्या खेपेच्या वेळी आमच्याच दवाखान्यात आणलं आणि माझ्या खिडकीशी येऊन हळूच विचारलं, "ते पापणीवाले आहेत का जी?" मी म्हटलं, आहेत, कुठं जातात.

चहाशी त्यांचं वैर होतं. दवाखान्यासमोर एक टपरी. बाया माझ्या खिडकीतून लोहाच्या लाल गोळ्या घ्यायच्या, रस्ता ओलांडून टपरीवर जायच्या आणि चहाच्या घोटाबरोबर गोळी गिळायच्या. चहाबरोबर घेतलेलं लोह अंगी लागत नाही. मी हे खिडकीतून सांगायचो, म्हणजे एकदा सांगायचो आणि पुढच्या माणसाकडे वळायचो. बाबूजी रस्ता ओलांडून मागे जायचे आणि बाईच्या हातातला कप काढून घ्यायचे. टपरीवाल्यानं साहेबांकडे तक्रार केली की हा माणूस माझं दुकान बंद पाडतो. शेवटी बाबूजींनीच त्याला लिंबू-सरबत ठेवायला लावलं. गोळीबरोबर लिंबू चालतं. उन्हाळ्यात चहापेक्षा सरबतच जास्त खपलं आणि टपरीवाला गप्प झाला.

आता माझ्या मायचं सांगतो.

आमचं गाव चोरखमारा तलावाच्या पाण्यावर धान पिकवणारं. माय जन्मभर बांध्यांत, त्या पाणी भरलेल्या वाफ्यांत, उभी राहिली. रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत पोटरीभर चिखलात दिवस दिवस वाकलेली. गुडघे त्यातच गेले. वडील गेल्यावरही ती गावीच राहिली आणि मी दर शनिवारी देवरीहून दोन बसा बदलून तिच्याकडे जायचो. दोनेक वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आसपास, तिला तलावाची पाळ, तो मातीचा बांध, चढवेना. चार पावलं टाकली की उभी राहायची, छातीवर हात. गोंदियात तपासलं तर हृदयातली एक झडप आवळून गेलेली निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, छाती उघडून झडप बदलावी लागेल. सरकारी योजनेतून मंजुरी मिळाली, तारीख मिळाली. ती तारीख मिळवायला मी किती टेबलांसमोर उभा राहिलो ते माझं मला माहीत. मायला मी माझ्या देवरीच्या खोलीवर आणलं. ऑपरेशनच्या आधी काही रक्ततपासण्या करून आणा, इथल्या चालतील, असं नागपूरवाल्यांनी सांगितलं होतं. म्हणून तिला घेऊन शेजारच्या खोलीत गेलो.

बाबूजींनी पापणी ओढली, रक्त घेतलं आणि नळी उजेडात धरलीच नाही. मशीनवर लावलं. सात पॉइंट सहा.

"दुसऱ्यांदा लावा," मी म्हटलं.

लावलं. सात पॉइंट सहा.

मायला बाहेर बाकावर बसवून मी आत आलो आणि दार लोटलं. म्हटलं, "बाबूजी, दहा लिहा."

"काय लिहू?"

"दहा. साडेनऊ तरी लिहा. सात पाहिलं की ते तारीख पुढं ढकलतील. मंजुरीची मुदत संपली की सगळे कागद पहिल्यापासून. तोवर ती राहते की नाही कोणाला ठाऊक. नागपुरात गेल्यावर लावतील एक-दोन बाटल्या, भरून काढतील."

बाबूजींनी पेन खाली ठेवलं. "आकडा मी वाढवतो. रक्त कोण वाढवते?"

मी आवाज चढवला. त्यांनी माझ्यापेक्षा चढवला. मग खुर्ची ओढून मला बसवलं आणि लहान पोराला सांगावं तसं सांगायला लागले. हृदयाचं काम चालू असताना हृदय थांबवतात, तेवढा वेळ रक्त एका मशीनमधून फिरतं. त्या मशीनच्या नळ्यांत आधीच सलाईनसारखं पाणी भरलेलं असतं. माणसाचं रक्त त्यात मिसळलं की पातळ होतं. "तुझ्या मायचं वरण आधीच पाणी-पाणी आहे, त्यात आणखी तांब्याभर पाणी ओतलं तर ताटात काय उरते? किडनीले हवा पोचली पाहिजे, मेंदूले पोचली पाहिजे. पोचवणार कोण? बाटल्या लावतील, बरोबर आहे, जीव वाचवाले लावाच लागते. पण जितक्या बाटल्या जास्त, तितकी भानगड जास्त. ताप, फुप्फुसात पाणी, जखम न भरणं. पंधरा दिवसांत उठणारा माणूस महिनाभर पडून राहते."

"सगळ्यांना होतं असं?"

"सगळ्यायले नाही. पण माझ्या हातून रिपोर्ट घेऊन गेलता एक, आठवर. जंगलातल्या गावचा, धट्टाकट्टा. ऑपरेशन मस्त झालं, झडप मस्त बसली. किडनी बंद पडली ते सुरू झालीच नाही. चाळीस दिवसांनी गेला. तेव्हा मी नवीन होतो, आकडा लिहून दिला आणि मोकळा झालो. त्याचं वय नाही विचारत तू?" मी नाही विचारलं.

त्यांनी सात पॉइंट सहा लिहिलं, खाली सही केली, आणि माझ्यासमोर नागपूरला फोन लावला. पहिल्यांदा कोणी उचललं नाही, दुसऱ्यांदा कोणी शिकाऊ डॉक्टर होता, त्याच्याशी भांडून मोठ्या डॉक्टरांपर्यंत पोचले. मोठे डॉक्टर शांतपणे म्हणाले की अशा रक्तावर मी इतक्यात हात लावणार नाही, आधी कारण शोधा, लोह भरा, पाच-सहा आठवड्यांनी आणा. मधे छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र सरळ उचलून आणा, मग आहे त्या रक्तावर करावं लागेल. म्हणजे थांबण्यात धोका होताच. फक्त न थांबण्यातला धोका मोठा होता. तारीख गेली. मी बाबूजींना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथं लिहिता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी ते डबी घेऊन माझ्या खोलीवर हजर. मायला म्हणाले, "सात सहा, उद्या सकाळी यात शौच पाहिजे मले."

माय लाजेनं अर्धी झाली. "अगा माय, हृदयाचं दुखणं न् हा माणूस काय मागून राहिला!"

"रक्त जाऊन कुठं राहिलं ते पाहाले पाहिजे ना. जमिनीवर तर सांडलेलं दिसत नाही."

मला वाटलं पोटात जंत निघतील. चिखलात अनवाणी राबणाऱ्या बायांना होतात. जंत निघाले नाहीत. शौचात रक्त निघालं, लाल नाही, काळं पडलेलं, बघून कळणार नाही असं. बाबूजी तो कागद घेऊन आले, मायसमोर खाली सतरंजीवर बसले आणि विचारलं, "दर्दाची गोळी खाता का?"

हा प्रश्न खरं तर मला होता.

गुडघ्यांसाठीच्या त्या गोळ्या मी नेत होतो. तीन वर्षं, दर शनिवारी, ओळखीच्या दुकानातून घेतलेली एक पट्टी. मी. औषधं वाटणारा माणूस. खिडकीतून लोकांना "उपाशीपोटी घेऊ नका, रोज घेऊ नका" सांगणारा. मायच्या हातात पट्टी देताना मी एवढंच म्हणायचो, "दुखलं की खात जा." तिला दुखायचं हे मला बघवत नव्हतं आणि गोळी घेतली की ती उठून चालायची, तेवढं मला पुरत होतं. तिनं जेवून घेतली का, किती घेतल्या, कधी विचारलं नाही.

मायनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "खातो ना. गावातल्या दुकानातून मीच आणतो."

बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं, मग पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर निघून गेलो. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं, मी बोललो नाही. भेकड माणूस.

गोंदियात पोटात नळी घालून बघितलं तर आत जखम होती, हळूहळू पाझरत असलेली. तिथले डॉक्टर सहज बोलून गेले, "नशीबवान आहात. ऑपरेशनच्या वेळी मशीनमध्ये गाठी होऊ नयेत म्हणून रक्त न गोठायचं औषध देतात. ही जखम घेऊन गेल्या असत्या तर आतून सुटलेलं रक्त आवरणं अवघड गेलं असतं." मी बसमध्ये परत येताना ते वाक्य घेऊनच बसलो होतो.

दर्दाच्या गोळ्या बंद झाल्या, पोटाचं औषध सुरू झालं, शिरेतून लोह दिलं गेलं. सहा आठवडे बाबूजी रोज सकाळी दवाखान्यात जायच्या आधी माझ्या खोलीवर यायचे. पापणी, नखं, जीभ. सोबत कधी तिळाची चटणी, कधी राजगिऱ्याची भाजी. "चहा ठेवू का जी?" मायनं पहिल्या दिवशी विचारलं आणि अर्धा तास व्याख्यान ऐकलं. पुढे ती मुद्दाम विचारायची. "काय बाबूजी, चहा?" आणि तोंडाला पदर लावून हसायची. दम लागायचा, तरी हसायची.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी ती नळाशी बादली भरायला गेली आणि तिथंच बसली, मग आडवी झाली. शेजारणीनं मला बोलावलं. मी आधी मायकडे धावायचं सोडून बाबूजींच्या खोलीत शिरलो आणि ओरडलो, "पडली ती! थांबवलं ना तुम्ही? काही झालं तर तुमच्या दारात आणून ठेवीन तिला!" रांगेतली माणसं उठून उभी राहिली. बाबूजींनी हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली. चप्पल न घालता माझ्यापुढे निघाले. रुग्णवाहिका आली. नागपूरपर्यंत सगळी वाट मायचं मनगट त्यांच्या हातात होतं आणि ओठ हलत होते, नाडी मोजत होते की आणखी काही करत होते, मी विचारलं नाही.

नागपुरात दोन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरांनी सगळं पाहिलं. रक्त दहावर आलं होतं. झडप तेवढी घाई करत नव्हती, उपाशीपोटी वजन उचलल्यानं घेरी आली असावी, असं म्हणाले, आणखी दोन आठवडे थांबायला सांगितलं, बादलीला हात लावायची बंदी घातली. मी बाबूजींची माफी मागितली. ते म्हणाले, "तुझं बरोबर होतं. मले बी तेच वाटून राहिलं होतं, रस्ताभर."

मंजुरीची मुदत मी पुन्हा टेबलं फिरून वाढवून आणली. ऑपरेशन झालं तेव्हा आकडा अकरा पॉइंट आठ होता. एकच बाटली लागली. पाचव्या दिवशी माय वॉर्डात धरून धरून चालली आणि परिचारिकेला सांगायला लागली की इथलं वरण बेचव आहे. शेजारच्या खाटेवर तिच्याच वयाचा एक माणूस होता, तेच ऑपरेशन, पण त्याला रात्रीतून आणावं लागलेलं, रक्त आठ होतं आणि थांबायला वेळच नव्हता. डॉक्टरांनी जे शक्य होतं ते केलं. आम्ही निघालो तेव्हा त्याचं डायलिसिस चालू होतं. त्याचा मुलगा रोज मला विचारायचा, "तुमच्या आईला काय दिलं होतं आधी?" मी लोहाचं नाव सांगायचो. रक्त कशानं गेलं होतं, ते पुढचं सांगायचो नाही.

ते पुढचं मी वर्षभर पोटात ठेवलं. माय गावी परतली, पाळ चढायला लागली. बाबूजी निवृत्त होऊन मुर्रीला घरी गेले. सगळं नीट झालं होतं आणि मला झोप लागत नव्हती. एका रविवारी त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात वाल सोलत बसले होते. मी बसायच्या आधी सांगून टाकलं. "बाबूजी, त्या गोळ्या माय दुकानातून आणत नव्हती. मी देत होतो."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"तू तांब्या घेऊन गेलता ना बाहेर, पाण्याले, तेव्हा तिनंच सांगतलं. माझा हात धरला न् म्हणे, बाबूजी, गोळ्या माझा पोरगा आणते, पण त्याले बोलजा नोको. तो जेवाचा नाही." त्यांनी वालाची शेंग मोडली. "मी म्हटलं, बाई, शौच काळी होत होती तर सांगतलं काऊन नाही? म्हणे, रोवणीपासूनच काळी होत होती. मी म्हटलं, मंग गोळी बंद करायची होती. म्हणे, गुडघ्याचं दुखणं तर कधीचंच कमी झालतं."

मला कळेना. "मग खात कशाला होती?"

"मी बी तेच विचारलं. म्हणे, पोरगा दोन बसा बदलून आणते. शिल्लक दिसली तर त्याले वाटल मायले माझी गरज नाही."

मी तिथं, त्या अंगणात, पन्नाशीला आलेला माणूस, हुंदके देऊन रडलो. बाबूजींना अशा वेळी काय करतात ते माहीत नव्हतं. त्यांनी वालाचं सूप माझ्याकडे सरकवलं. "सोल," म्हणाले. मी सोलत बसलो.

तिथून थेट गावी गेलो आणि मायला सगळं सांगितलं, की मला कळलं. ती चिडली. "त्या पापणीवाल्याच्या तोंडात तीळ भिजत नाही!" म्हणाली, आणि बराच वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

आता शुक्रवारी संध्याकाळी तिचा फोन येतो. श्वास चांगला आहे, काही दुखत नाही, असं सांगते आणि फोन ठेवायच्या आधी न चुकता म्हणते, "उद्या ये. रिकाम्या हातानं ये."